सूर्य असताना वायर कशाला?

सोसायटीच्या फळ्यावर काल नोटीस लागली: "सौरऊर्जेवर चालणाऱ्या वाहनांनी सोसायटीची वीज वापरू नये." 'वाहनांनी' हे अनेकवचन कुणाच्या समाधानासाठी? मुलुंडच्या या आवारात टपावर पॅनल असलेली बस एकच, माझी. आणि ती चालते डिझेलवर. सौरऊर्जेवर चालतात ते आत थाटलेल्या घरातले फ्रिज, पंखे नि दिवे.

झालं एवढंच की रात्री साडेआठला पार्किंगच्या 16 अँपिअरच्या सॉकेटात वायर खुपसली, बसमधला चेंजओव्हर, म्हणजे बॅटरीऐवजी बाहेरची वीज घेणारा स्विच, फिरवला आणि 'टक्'! दिवे, गेटचा कॅमेरा, टाकीचा पंप, सगळं ठप्प. एवढ्या सगळ्याला मिळून एकच आरसीसीबी (गेलेला आणि परतलेला करंट जुळला नाही की वीज तोडणारा स्विच), हेही एक नवलच, पण त्यावर नोटीस लागत नाही.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बनियनमधले काका टॉर्च घेऊन प्रकटले.

"सोलर आहे ना तुमचं?"

"आहे की काका."

"मग वायर कशाला?"

"रात्र आहे."

"दिवसा काय करत होतात?"

"दिवसभर पाऊस होता."

"पाऊस पडला म्हणून सूर्य उगवायचा राहतो का?"

आता काय सांगणार? 440 वॉटची दोन पॅनल. स्वच्छ उन्हात दिवसाला तीन युनिटं निघतात, जुलैच्या काळ्या ढगात एखादं निघालं तरी नशीब. त्यात बस उभी रेन ट्रीखाली, कारण दुसरी जागा सोसायटीने दिलेली नाही. पॅनलमधले सेल एका माळेत असतात. एका फांदीची सावली किंवा कावळ्याची एक शिंतोडी काही सेलवर पडली, तरी त्यांच्याबरोबर माळेचा तेवढा भाग बसतो. कावळ्यांवरही नोटीस नाही.

एवढं ऐकून काकांनी टॉर्च थेट टपावर मारला. "मी धरतो, तुम्ही मीटर बघा. चार्ज होतंय का?"

आणि मी, एवढा वायरिंगचा जाणकार, आत जाऊन खरंच मीटर बघून आलो.

"शून्य," मी म्हणालो.

"फसवलंय तुम्हाला," काका समाधानाने म्हणाले. "आमच्या कॅल्क्युलेटरचं सोलर ट्यूबलाइटवरसुद्धा चालतं."

तोवर खाली चारजण जमले होते. कुणाच्या डोक्याला शॅम्पू होता. त्याचा राग मला समजतो.

दोष अर्थात बसचाच होता, काकांना ते कळलं नाही हे माझं भाग्य. बसच्या इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल (करंटच्या परतीची तार) आणि अर्थ (सुरक्षेची तार) एकत्र जोडलेले असतात. बॅटरीवर चालताना ते हवंच, नाहीतर बसमधला आरसीसीबी नुसता शोभेचा. पण बाहेरची वीज घेताना हा जोड तुटला पाहिजे. माझा चेंजओव्हर स्वस्तातला, एकाच पोलचा: फेज बदलायचा, न्यूट्रल दोन्हीकडे चिकटलेला. मग परतीचा थोडा करंट न्यूट्रलऐवजी अर्थमधून निघाला. आरसीसीबी 30 मिलिअँपिअरच्या फरकाला पडतो, तो पडला. प्रामाणिक माणूस. आता दोन पोलचा चेंजओव्हर बसवलाय, फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम बदलणारा.

वायरचंही सांगून टाकतो, कारण खाली जमलेल्यांपैकी एकाने तिच्यावरही मत दिलं होतं. 16 अँपिअरला अडीच स्क्वेअर एमएमची तीन तारी हवी, आणि रीळ पूर्ण उलगडायचं. गुंडाळलेलं ठेवलं तर आतल्या आत तापून इन्सुलेशन वितळतं. प्लग घालण्याआधी मल्टिमीटर लावायचा: फेज-अर्थ 230च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. उलटं आलं तर सॉकेटातच फेज-न्यूट्रल अदलाबदल झालेत.

आणि बसवाल्यांनो, बसच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून 12 व्होल्ट काढायचा मोह टाळा. बसची यंत्रणा 24ची. एकीवर भार टाकला की ती अर्धपोटी राहते आणि दुसरी जादा चार्ज होऊन मरते. माझी घरगुती बॅटरी वेगळी, 25.6 व्होल्ट, 100 अँपिअर-अवर, आणि तिच्या धन टोकाला लागूनच फ्यूज. पॅनल दोन्ही सिरीजमध्ये जोडली होती. प्रत्येकी 49 व्होल्ट म्हणजे 98, आणि पॅनलवरून बॅटरी चार्ज करणाऱ्या कंट्रोलरची मर्यादा 100. मुंबईत निभावतं, पण थंडीत पॅनलचं व्होल्टेज चढतं, महाबळेश्वरची एक पहाट कंट्रोलर जाळायला पुरेशी. म्हणून आता पॅरलल.

हे सगळं मी सेक्रेटरींना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एका रात्रीचे 500 रुपये मागितले. रिकामी बॅटरी भरायला तीन युनिटं लागतात. बारा रुपये दराने धरा, 36 रुपये. बाकीचे 464 कशाचे? "मेंटेनन्स." कशाचा? सॉकेटाला तर झाकणही नाही, पावसाचं पाणी थेट आत जातं.

पैसे दिले. पावती मिळाली, त्यावर लिहिलंय 'सौरऊर्जा शुल्क'.

नोटीस अजून तिथेच आहे. खाली कुणीतरी बॉलपेनने लिहिलंय: "आणि टाकी कोण भरणार?"