ब्लिंकर लागला, चौक आपला!

रात्री उशिरा सिग्नल ब्लिंकरवर टाकला, की तो अख्खा चौक वाहतूक शाखेने तुमच्या नावावर करून दिला असं खुशाल समजा. लुकलुकणारा पिवळा म्हणजे 'वेग कमी करा, बघून जा', हे लायसन्सच्या परीक्षेपुरतं होतं. झालात ना पास? मग दाबा अ‍ॅक्सिलरेटर.

लुकलुकणाऱ्या लालला तर अजिबात भिऊ नका. स्टॉप लाइनच्या अलीकडे गाडी पूर्ण थांबवा, म्हणजे चाक फिरायचं बंद झालं पाहिजे, आणि रस्ता मोकळा असेल तरच निघा, असं नियम सांगतो. हिरव्याची वाट मात्र बघायची नसते. यातलं शेवटचं वाक्य तेवढं पाठ करा.

चारही बाजूंना पिवळाच लुकलुकत असेल, तर आधी कोण? मुख्य रस्त्यावरचा, दोन्ही रस्ते सारखेच असतील तर तुमच्या उजवीकडून येणारा. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे उजवीकडची गाडी चौकात शिरताच थेट तुमच्या पुढ्यात येते. डावीकडचीशी गाठ पडते ती चौकाच्या पलीकडच्या अर्ध्यात. पण हे कशाला लक्षात ठेवायचं? ज्याची गाडी मोठी, त्याचा रस्ता मुख्य. डंपर आला तर तेवढ्यापुरते नियम पाळा.

वेग 60 च्या खाली आणू नका. त्या वेगात पाय ब्रेकवर पोचायच्या एका सेकंदात गाडी सुमारे 17 मीटर जाते, आणि ब्रेक दाबल्यावर कोरड्या रस्त्यावरही थांबायला आणखी 20 एक मीटर लागतात. 30 वर हाच सगळा हिशेब 13 मीटरमध्ये आटोपतो. कोपऱ्यावरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागून बाइक 15 मीटरवर दिसली, तर 60 वाल्याचा पाय ब्रेकवर पोचायच्या आत विषय संपतो. दादांच्या फ्लेक्सला दोष देता येत नाही, त्यामुळे बाइकवाल्यालाच द्या.

सरळ जायचंय? चारही इंडिकेटर लावा, सगळेच लावतात. डावीकडच्या रस्त्यावर उभ्या असलेल्याला त्यातला फक्त तुमचा डावा दिसतो, उजवा गाडीआड जातो. तो समजतो, तुम्ही त्याच्या गल्लीत वळताय, आणि बिनधास्त पुढे येतो. सोबत अप्पर मारत राहा, म्हणजे झेब्रावर कुणी पायी असेल तर त्याला काही दिसणार नाही. समोरच्याचाही अप्पर असला, की तो पायी माणूस तुम्हालाही दिसत नाही. फिटंफाट!

आणि कुणी खरोखरच लुकलुकत्या लालला थांबलाच, तर मागून हॉर्नवरचा हात काढू नका. दोन मिनिटं नाही, दोन सेकंदांतच तो गडबडून, उजवीकडे न बघता पुढे सरकेल. उजवीकडून काही येतंय का, हे तुम्हाला मागे बसल्या बसल्या कळेल.