सापडलेल्या झिरोवरून हेलकॅट बनलं? आधी तारखा बघा

दर काही महिन्यांनी एक मजकूर फिरत फिरत माझ्याकडे येतो. सारांश असा: दुसऱ्या महायुद्धात जपानी नौदलाचं झिरो हे लढाऊ विमान अजिंक्य होतं, अमेरिकेच्या वाइल्डकॅटचा त्याच्यापुढे निभाव लागत नव्हता. मग अलास्काकडे एक झिरो अमेरिकेच्या हाती लागलं. ते खोलून, अभ्यासून त्यांनी हेलकॅट हे नवं लढाऊ विमान बनवलं आणि 19 ला 1 या प्रमाणात जपानी विमानं पाडली.

गोष्ट फर्मास आहे. झिरोचं मॉडेल माझ्याही कपाटात आहे, त्यामुळे त्या विमानाशी माझं वैर नाही. पण गोष्ट टिकत नाही.

आधी "खोलून हेलकॅट बनवलं" हेच घेऊ, कारण इथे कॅलेंडर पुरतं. 4 जून 1942 ला अलास्कातल्या डच हार्बर या अमेरिकन तळावरच्या हल्ल्यात तादायोशी कोगा या जपानी वैमानिकाच्या झिरोला गोळी लागली. त्याने ते जवळच्या अकुतान बेटावर उतरवलं. वरून गवताळ मैदान दिसत होतं, खाली दलदल निघाली. चाकं रुतली, विमान पालथं झालं, कोगा मान मोडून गेला. अमेरिकनांना ते विमान दिसलं 10 जुलैला. हेलकॅटचा पहिला नमुना त्याआधीच, 26 जूनला उडाला होता आणि त्याची ऑर्डर तर 1941 च्या जूनमधली. दोन हजार अश्वशक्तीचं नवं इंजिन बसवलेला नमुना 30 जुलैला उडाला. कोगाचं विमान दुरुस्त होऊन सॅन डिएगोवर उडालं ते थेट सप्टेंबरमध्ये.

आता "अजिंक्य". झिरोचे रचनाकार जिरो होरिकोशी यांच्यापुढे जपानी नौदलाची मागणी होती: लांब पल्ला, झटपट चढाई आणि चपळ वळणं, आणि हे सगळं हजारेक अश्वशक्तीच्या इंजिनावर. मग वजनच कापायचं उरतं. त्यांनी ते कापलं, इतकं की रिकामं झिरो सुमारे 1,700 किलो, तर रिकामं हेलकॅट चार टनांच्या पुढे. वैमानिकामागे पोलादी पत्रा नाही, गोळी लागल्यावर आपोआप बुजणारी इंधनटाकी नाही. सुरुवातीच्या झिरोत 20 मिमीच्या दोन तोफा होत्या, प्रत्येकीला फक्त 60 गोळ्या. सात सेकंदांत खेळ खलास.

7 ऑगस्ट 1942 चा एकच दिवस बघा. जपानचा नामांकित वैमानिक साबुरो साकाई झिरोतून राबाउल या जपानी तळावरून हजारेक किलोमीटर उडत प्रशांत महासागरातल्या ग्वादलकनाल बेटावर आला. तिथे एका वाइल्डकॅटवर त्याने छोट्या मशीनगनच्या पाच-सहाशे गोळ्या ओतल्या, तरी ते पडेना, याचं त्याला नवल वाटलं. शेवटी तोफ वापरावी लागली, आणि वैमानिक तरीही पॅराशूटने वाचला. पुढे साकाई स्वतः डोक्याला गोळी लागून, एका डोळ्याने आंधळा होऊन साडेचार तासांहून जास्त उडत परत गेला. असा पल्ला वाइल्डकॅटने स्वप्नातही पाहिला नसता. झिरोला हा पल्ला मिळाला त्यात पत्रा न बसवून वाचवलेल्या वजनाचाही वाटा होता.

वाइल्डकॅट काही गुणाची पुतळी नव्हतं. चाकं वर घ्यायला वैमानिकाला हाताने तीसेक वेळा दांडा फिरवावा लागे, त्या नादात उड्डाणानंतर विमान डुलत जाई. नव्या आवृत्तीत चारच्या सहा मशीनगन केल्या, पण प्रत्येकीच्या गोळ्या घटल्या आणि वजन वाढलं. वैमानिकांनी बोटं मोडली. पंख मात्र आता दुमडता येत होते, म्हणून नौकेवर जास्त विमानं मावू लागली, आणि विमानवाहू नौकेवर ही बाब वेगाइतकीच मोलाची.

निभाव लागला तो डावपेचांनी. अमेरिकन नौदलाचे वैमानिक जॉन थॅच यांनी 1941 मध्येच घरच्या टेबलावर आगकाड्या मांडून युक्ती शोधली: विमानांच्या दोन जोड्यांनी एकमेकींकडे वळत राहायचं, म्हणजे एकीच्या पाठी लागलेलं झिरो दुसरीच्या तोंडासमोर येतं. मिडवे बेटाजवळच्या लढाईत त्यांनी ती वापरली 4 जून 1942 ला, म्हणजे कोगा दलदलीत पडला त्याच तारखेला!

राहिला 19 ला 1. हा आकडा बव्हंशी वैमानिकांच्या स्वतःच्या दाव्यांवर उभा आहे आणि त्यात बॉम्बफेकी विमानंही धरलेली आहेत. हेलकॅट लढाईत उतरेपर्यंत जपानचे बरेचसे कसलेले वैमानिक मेले होते, नवे अर्धवट शिकून येत होते, आणि अमेरिकन नौकांचं रडार हेलकॅटना आधीच उंचावर नेऊन उभं करत होतं. हेलकॅटचा माझ्या मते खरा गुण वेगळाच: नवशिकाही ते नौकेच्या डेकवर नीट उतरवू शकत असे. कोर्सेअर हे दुसरं अमेरिकन लढाऊ विमान त्याहून वेगवान, पण लांब नाकामुळे उतरताना डेक दिसेना आणि चाकं टेकली की विमान उसळी घेई. म्हणून अमेरिकेने ते बराच काळ किनाऱ्यावरच्या तळांवरून उडवलं.

मग अकुतानचं झिरो फुकट गेलं का? मुळीच नाही. चाचण्यांत दिसलं की वेग वाढला की त्याचे एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) जड होतात, डावीपेक्षा उजवीकडे कलणं कठीण जातं आणि झटकन नाक खाली घातलं की इंजिन गुदमरतं. म्हणजे मागे झिरो लागलं तर सूर मारायचा आणि वेगात उजवीकडे कलायचं. हा सल्ला आघाडीवर पोचला. ते विमान पुढे सरावासाठीच वापरलं गेलं आणि 1945 च्या फेब्रुवारीत सॅन डिएगोच्या धावपट्टीवर मागून आलेल्या हेलडायव्हर या अमेरिकन बॉम्बफेकी विमानाच्या पंख्याने त्याचे तुकडे केले.