एका ताऱ्याचं उत्तर: बारा गोल्डफिश आणि एक सकर

नमस्कार ताई,

तुम्ही दिलेला एक तारा आणि खालची तक्रार दोनदा वाचली. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. चवथीच्या तीन दिवस आधी तुम्ही आमच्या म्हापशाच्या दुकानातून दोन फुटी टाकी, फिल्टर, रंगीत खडे, बारा गोल्डफिश आणि काचेवरचं शेवाळ साफ करायला एक सकर मासा असं सगळं एकदम नेलं. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. पाचव्या दिवसापासून मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. तुम्ही दुकानात फोन केला, इथून "पाणी बदला" एवढंच सांगितलं गेलं. तुम्ही सगळं पाणी ओतून टाकलं, फिल्टर आणि खडे नळाखाली धुतले, आणि त्याच रात्री पाच मासे गेले. अकराव्या दिवशी सकर तेवढा उरला. "आजारी मासे गळ्यात मारतात. पाहुण्यांसमोर शोभा झाली, लेक दोन दिवस नीट जेवली नाही," असं तुमचं म्हणणं.

आधी आमच्या पदरातलं. टाकी आणि मासे एकाच दिवशी द्यायला नको होते. चवथीच्या गर्दीत गिऱ्हाईक परत जाईल या भीतीने दिले. काउंटरवर नवीन पोरगा होता हे खरं, पण गल्ल्यावर मी होतो, त्यामुळे त्याच्या नावावर हे खपवणार नाही. दुसरी चूक फोनवरची. किती पाणी बदला, कसलं पाणी घाला, फिल्टरला हात लावू नका, यातलं काहीच तुम्हाला सांगितलं गेलं नाही. अर्धवट सल्ल्यापेक्षा फोन उचलला नसता तर बरं झालं असतं.

पण मासे आजारी होते हे मात्र मला मान्य नाही. त्याच खेपेतले उरलेले गोल्डफिश अजून दुकानात पोहताहेत. आजारी माशाच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, पर झिजतात, एखादा कोपऱ्यात कलून पडतो, आणि मग एकाचं दुसऱ्याला लागतं. तुमच्याकडे सगळेच एका वेळी वर येऊन धापा टाकत होते. सगळे एकदम तसं करतात तेव्हा खोट पाण्यात असते.

झालं असं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, विष्ठा आणि न खाल्लेलं खाणं कुजूनही तोच तयार होतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर जिवाणू वस्तीला असतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही माशाला विष. नायट्रेट त्यामानाने सोसतं, आणि दर आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं. ही वस्ती नव्या टाकीत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या टाकीत ती शून्य होती. दुधाळ पाणी म्हणजे वेगळेच जिवाणू माजल्याची खूण. ते आपोआप निवळतं, त्याला घाबरायचं कारण नव्हतं. घाबरायला हवं होतं ते न दिसणाऱ्या अमोनियाला. पाणी आरशासारखं दिसत असलं तरी त्यात तो असू शकतो.

त्यात पाण्याचा हिशेब. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट म्हणजे सुमारे ५७ लिटर. खडे आणि वरची रिकामी जागा सोडली तर ४५ उरतात. त्यात बारा गोल्डफिश! हा मासा खादाड, त्याला जठर नसतं, सारखा खातो आणि सारखी घाण करतो. आज बोटाएवढा दिसतो, नीट वाढला तर वीतभर होतो. तुमच्या टाकीत दोन लहान ठेवायचे म्हटले तरी मी पुढेमागे मोठी टाकी घ्यायला सांगितलं असतं. शिवाय तो मुळात थंड पाण्याचा. आपल्याकडे खोलीतलं पाणी २८-३० अंशांवर असतं, आणि पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरला नऊ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. खरं सांगायचं तर गोव्याच्या हवेत नवख्या माणसाला गोल्डफिश विकूच नये. पण मखराशेजारी सगळ्यांना केशरीच मासा हवा असतो, आणि मीही दुकानदार आहे.

पाच मासे एका रात्रीत गेले ते क्लोरीनने, असं मला वाटतं. आपल्या नळाला अस्नोड्याच्या प्रकल्पातून पाणी येतं. ते शुद्ध करताना क्लोरीन घालतात, तो आपल्याला सोसतो पण माशाचे कल्ले जाळतो. नळाचं पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवायचं किंवा क्लोरीन मारायचे थेंब घालायचे. एका वेळी पाव हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा बदलायचा, सगळं कधीच नाही. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच, हलक्या हाताने. नळाखाली धरला की जी काही थोडी वस्ती बसत आली असेल ती गेलीच.

तुम्ही विचारलंय, "आमच्या विहिरीत मासे वर्षानुवर्षं आहेत, त्यांचं पाणी कोण बदलतो?" प्रश्न मला आवडला. दहा फूट रुंदीची विहीर, त्यात दहा फूट पाणी, म्हणजे वीस हजार लिटरांच्या वर. त्यात चार-दोन मासे, भिंतींवर शेवाळ, आणि झऱ्याने पाणी येत-जात असतं. तुमच्या टाकीची चारशे पट जागा झाली. मात्र विहिरीचं पाणी क्लोरीन नाही म्हणून सरसकट चांगलं, असंही नाही. जांभ्या दगडातलं आपलं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आंबट असतं. निऑन टेट्रा माशाला ते मानवतं, गप्पी-मोलीला नाही. त्यांच्यासाठी आम्ही तिसऱ्यांच्या (कालवणात घालतो त्या) शिंपल्या उकळून, घासून फिल्टरमध्ये टाकतो. घरी तिसऱ्यांचं कालवण झालं की उरलेल्या शिंपल्या फेकून देऊ नका.

आणि तुमच्या मैत्रिणीच्या काचेच्या वाडग्यात वर्षभर जगलेला मासा तो फायटर असणार. त्याला वरची हवा थेट घेता येते, म्हणून तो तग धरतो. त्यालाही पाच-सात लिटरच्या वाडग्यात सुख नसतं, मरत नाही एवढंच.

एक गोष्ट तुमच्या फोटोत दिसली. टाकी मखराला लागून, हवेचा पंप समईच्या मागे, आणि खाली डासांची कॉइल. पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. कॉइलमध्ये आणि लिक्विडमध्ये पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात, ती माशांना फारच विषारी. त्याने किती घात केला हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण पुढच्या वेळी पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळी ओढा. पोरांनी नेवऱ्यांचे (करंज्यांचे) तुकडे टाकले असतील तर तेही अमोनियाच्या खात्यात. दोन मिनिटांत संपेल तेवढंच खाणं, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आठवड्यात एक दिवस उपास घडला तरी चालतो. आपल्या घरात निदान मासे तरी उपास मनापासून पाळतात.

आता काय करायचं. टाकी फोडू नका, विकूही नका. आमच्या चालू फिल्टरमधला जुना स्पंज मी तुम्हाला फुकट देतो. तो तुमच्या फिल्टरमध्ये घाला, रोज चिमूटभर खाणं टाका, आणि आठवड्याने बाटलीभर पाणी घेऊन या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे न्यायचे, त्याआधी हट्टाने मागितले तरी देणार नाही. त्या दिवशी बारा गोल्डफिशच्या किमतीएवढे मासे आमच्याकडून. माझं ऐकाल तर सहा झेब्रा डॅनिओ न्या. आपल्याच देशातला मासा, चिवट, आणि लेकीला पळापळ बघायला मिळेल. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, टाकीतलं थोडं थोडं पाणी आत घाला, मग जाळीने मासे सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. चवथीपासून आम्ही टाकी आणि मासे एकाच दिवशी देणं बंद केलंय, तशी पाटीही लावलीय. त्यावरून दोन गिऱ्हाइकं रागावून गेली, जाऊ देत.

राहिला सकर. तो वाचला कारण पाण्यात प्राणवायू कमी पडला की तो वर येऊन हवा गिळतो. तुम्ही लिहिलंय, "याला ओहळात सोडून देणार, पुण्य लागेल." कृपा करून तसं करू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा, फूटभराहून मोठा होतो, काठात बिळं करतो, आणि केरळ, तमिळनाडू, आंध्रच्या पाण्यांत मोकाट सुटून बसलाय. आपल्या ओहळात तो नको. झाकणाच्या बादलीत अर्धं पाणी घालून इकडे आणा, दुकानातल्या मोठ्या हौदात त्याला जागा आहे. शुक्रवार सोडून कधीही या. बाजाराच्या दिवशी बादली घेऊन इथवर पोचणं कठीण, आणि गाडी लावायलाही जागा मिळत नाही.