घरपट्टीची सवलत म्हणे! कुणाला?

आलं घरपट्टीचं बिल. आणि खाली ठळक अक्षरांत नेहमीचा प्रेमळ सल्ला: मुदतीच्या आत संपूर्ण वर्षाची रक्कम एकरकमी भरा, सवलतीचा लाभ घ्या. एकरकमी! म्हणजे ज्याच्या खात्यात वर्षभराचे पैसे आयते पडून आहेत त्याला सूट, आणि जो दोन हप्त्यांत कसंबसं ओढतो त्याने रुपयान्‌रुपया मोजायचा. ही सवलत गरजवंताला आहे की ज्याला तिची काडीची गरज नाही त्याला?

आमच्या शेजारचे काका कारखान्यातून निवृत्त झालेत. ईपीएस-95चं, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या योजनेचं पेन्शन. त्या पेन्शनची 2014 मध्ये ठरलेली किमान रक्कम महिना 1000 रुपये, त्यावरून काय ते समजा. काकांना थोडं जास्त मिळतं, पण त्यात गोळ्याऔषधंच जेमतेम बसतात. घर त्यांनी नोकरीत असताना बांधलं, तेव्हा इथे डांबरी रस्तासुद्धा नव्हता. यंदा चतुर्वार्षिक कर आकारणी झाली. एक पोरगा टेप घेऊन आला, गच्चीवर गेला आणि तिथला पत्रा मोजून आला. तो पत्रा का घातलाय, तर स्लॅब गळतो आणि वॉटरप्रूफिंगला पैसे नाहीत म्हणून! कागदावर मात्र त्याचं ‘वाढीव बांधकाम’ झालं. गळकं छप्पर म्हणजे मालमत्तेत वाढ, कसला हिशोब आहे हा?

हरकत घ्या म्हणतात. घेतली की काकांनी. सुनावणीला साहेबांनी नोटीस उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, ‘आजोबा, तुमचा एरियाच आता वरच्या दराच्या झोनमध्ये गेलाय.’ संपली सुनावणी. अहो, एरिया वरच्या झोनमध्ये गेला, माणूस तिथेच आहे ना! समोरून रुंद रस्ता गेला म्हणून काकांच्या पेन्शनमध्ये एक रुपया तरी वाढला का? घराची किंमत वाढली म्हणे, पण घर विकलं तरच ती हातात येणार, आणि विकून हा म्हातारा जाणार कुठे?

बरं, थकवावं म्हटलं तर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड. वर्षाला 24 टक्के झाले. गृहकर्जाचा दरसुद्धा याच्या निम्मा नसतो. म्हणून काका उसनेपासने करतात, पण घरपट्टी चुकवत नाहीत. आणि इमानदारीचं बक्षीस? शून्य. तिकडे वर्षानुवर्षं बुडवणाऱ्यांसाठी मात्र अभय योजना निघतात. पुण्यात 2020 साली निघाली होती तशी, 50 लाखांपर्यंतच्या थकबाकीला शास्तीत 80 टक्के सूट. पन्नास लाख! एवढी घरपट्टी थकवायला आधी केवढी मालमत्ता लागते, याचा विचार करा जरा. वेळेवर भरणारा म्हातारा मूर्ख, थकवणारा शहाणा.

सवलती आहेतच की, असं कुणी तरी म्हणेलच. आहेत ना. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ. तीसुद्धा काय सरळ मिळाली नव्हती, 2019 मध्ये फक्त सर्वसाधारण कर माफ केला आणि बाकीचे कर बिलात तसेच ठेवले. पूर्ण माफीची घोषणा व्हायला 1 जानेवारी 2022 उजाडला. मिळाली ते चांगलंच झालं, पोटात दुखायचं कारण नाही. पण 510 फुटांत राहणाऱ्या विधवा बाईंना काय? पूर्ण बिल. आणि मलबार हिलवर 490 फुटांचा फ्लॅट असलेल्याला? माफी. पुण्यात स्वतः राहत असाल तर 40 टक्के सवलत. ती मधल्या काळात काढून घेतली, 2023 मध्ये परत दिली, आणि परत देताना लोकांना पीटी-3 नावाचा फॉर्म भरायला लावला. पुरावे जोडा, 25 रुपये भरा. आपल्याच घरात आपण राहतो याचा पुरावा! तिथेही बंगल्यात राहणारा आणि दोन खोल्यांत राहणारा, दोघांना तेच 40 टक्के.

कुठे चौरस फूट विचारतात, कुठे स्वतः राहता का विचारतात, कुठे कधी भरणार ते विचारतात. कमावता किती, हे कुणीही विचारत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने 1964 सालीच उत्पन्न बघून घरपट्टीत सवलत द्यायला सुरुवात केली. पुढे बऱ्याच राज्यांनी तसं केलं. घरपट्टी उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्याच्या वर गेली की वरचा भार सरकार उचलतं, असा साधारण प्रकार. त्यांचं सगळं सोन्याचं आहे असं नाही, पण निदान प्रश्न तरी बरोबर विचारलाय.

आपल्याकडे उत्पन्न तपासायचं कसं, हे रडगाणं तर मुळीच सांगू नका. पिवळं रेशनकार्ड, केशरी रेशनकार्ड कशावरून ठरतं? लाडक्या बहिणीला अडीच लाखांची अट लावताना जमलं. शिष्यवृत्तीला तहसीलदाराचा दाखला चालतो. मग घरपट्टीच्या खिडकीवर आल्यावरच तो दाखला अचानक आंधळा होतो का? केशरी कार्ड आहे, राहतं घर एकच आहे, दुसरीकडे भाडं येत नाही, तर निम्मी घरपट्टी माफ. एवढा साधा ठराव करायचा आहे. पण नाही, नगरपालिकेचं उत्पन्न बुडेल म्हणे! बड्या थकबाकीदारांची शास्ती सोडताना उत्पन्न बुडत नाही वाटतं?

काकांनी परवा पहिला हप्ता भरला. सगळी रक्कम एकदम नव्हती, त्यामुळे सूट अर्थातच नाही. पावती देताना खिडकीतला माणूस म्हणतो, ‘पुढच्या वेळी एकरकमी भरा आजोबा, फायदा होतो.’ काका ‘हो हो’ म्हणून आले. मी असतो तर तिथेच भांडलो असतो.