घोड्याचे पैसे

‘पुढच्या वेळी मुलांच्या सिनेमाची निवड जबाबदार व्यक्तीकडे सोपवावी, ही नम्र विनंती.’

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सात वाजून चार मिनिटांनी पडलेला मेसेज. नाव कुणाचं घेतलेलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, कारण आदल्या रात्री गच्चीवर प्रोजेक्टर, डबलबेडची चादर आणि ६४० रुपयांचे वेफर्स घेऊन एकच बाई उभी होती. मेसेजखाली अकरा अंगठे. त्यातला एक आमच्याच घरातला.

माझा गुन्हा काय, तर डिस्नेचे ‘मुलान’ नावाचे दोन सिनेमे आहेत. १९९८चं कार्टून आणि २०२०चा खऱ्या माणसांचा. मुलांना पहिला हवा होता, मी दुसरा लावला. नाव तेच, मुलगी तीच, तलवार तीच. म्हाताऱ्या बापाला लढाईचं बोलावणं येतं म्हणून पोरगी पुरुषाचा वेश करून त्याच्या जागी जाते, ही गोष्टही तीच. सुरुवातीला चिमुरडी मुलान कोंबडीमागे कौलांवरून पळाली तोवर सगळं ठीक होतं. मग पहिल्या रांगेतून आवाज आला, “ड्रॅगन कधी येणार?”

ड्रॅगन येणार नव्हता. कार्टूनमध्ये एडी मर्फीच्या आवाजात अखंड टकळी चालवणारा वीतभर ड्रॅगन आहे, सोबत एक शुभशकुनी रातकिडा आहे. नव्या सिनेमात ड्रॅगनला नारळ दिलाय, रातकिड्याचा ‘क्रिकेट’ नावाचा शिपाई केलाय आणि आकाशात एक फिनिक्स पक्षी फिरतो. लग्नात डोक्यावर ड्रोन फिरतो ना, तसा. बोलत नाही, काही करत नाही, नुसता फिरतो. गाणीही नाहीत. माणसं लढाईला जाताना गात नाहीत, असा काहीसा दिग्दर्शिका निकी कॅरो यांचा युक्तिवाद होता. बाई कधी आमच्याकडे आल्या नसाव्यात. इथे ट्रेकला निघालेली बारा पोरं कात्रज ओलांडायच्या आत बेसूर कोरस धरतात, आणि लढाईवर तर आम्ही डफ घेऊन रात्रभर पोवाडे ऐकतो.

पण मुलांचं मी सहन केलं असतं. बी-विंगचे काका सहन झाले नाहीत.

काका बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यातून निवृत्त झालेत आणि सध्या सोसायटीचे हिशेब तपासतात, फुकट आणि निर्दयपणे. मुलांच्या सिनेमाला ते घरून स्वतःची खुर्ची आणि थर्मास घेऊन आले होते. भरतीचा प्रसंग सुरू झाला आणि त्यांनी माझ्याकडे खुर्ची वळवली.

“मॅडम, मेडिकल कुठे झालं?”

“काका, त्या काळी मेडिकल नव्हतं.”

“बरं. बोलावणं वडलांच्या नावे. हजर कोण झालं? मुलगा. मुलगा आहे का त्यांना?”

“नाही.”

“म्हणजे बोगस हजेरी.” त्यांनी मनात कुठेतरी लाल टिक केली. थोड्या वेळाने मुलान आंघोळ टाळण्यासाठी रात्रीचा पहारा स्वतःहून मागते. काका ताडकन सरळ बसले. “बघा! मागून घेतलेली रात्रपाळी! आमच्याकडे असा कर्मचारी दिसला, की आम्ही आधी त्याचं कपाट उघडायचो.”

मग ‘ची’ आली. ही नव्या सिनेमाची भर. मुलानच्या अंगात जन्मतःच एक शक्ती आहे, तिचं नाव ‘ची’, आणि मुलींनी ती लपवायची असते.

“काय लपवतेय ती?” काकांनी विचारलं.

“तिची ची.”

“तिची काय?”

“ची.”

“अहो, पण कुणाची?”

“तिचीच.”

“तेच विचारतोय मॅडम, तिची काय?”

मागच्या रांगेतल्या कुणीतरी “छी!” केलं, पोरं खिदळायला लागली, आणि पुढची दहा मिनिटं गच्चीवर दुसरा शब्द नव्हता. खरं सांगायचं, तर मला त्या ‘ची’चाच सगळ्यात राग आहे. कार्टूनमधली मुलान धडपडते, आपटते, तिला छावणीतून घरी जायला सांगतात, आणि मग मनगटांना बांधायची ती दोन वजनं एकमेकांत गुंफून ती खांबावर चढते. डोकं लावते. नव्या सिनेमातली पाण्याने भरलेल्या बादल्या घेऊन डोंगर चढते ती मुळातच असामान्य म्हणून. म्हणजे बाईने पुरुषांच्या बरोबरीने काही करायचं, तर आधी तिच्या अंगात काहीतरी यायला हवं! साधी, दमणारी, घाम येणारी बाई चालत नाही. वीस कोटी डॉलर खर्चून हे सांगितलं.

तेवढ्यात लढाईत मुलानने चिलखत काढून फेकलं आणि केस मोकळे सोडले. शेजारच्या आजी म्हणाल्या, “मोकळ्या केसांनी आम्हाला कुणी स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नव्हतं.”

मग नऊ वर्षांच्या एका मुलीने जे विचारलं, त्याला उत्तर नाही. “ती बाई ससाणा होते ते चालतं, मग ड्रॅगन का नाही चालत?” ती बाई म्हणजे गाँग ली यांनी केलेली चेटकीण. खरं आहे पोरीचं. वास्तव दाखवायचं म्हणून ड्रॅगन काढला आणि चेटकीण घातली. कार्टून उघडउघड थापा मारतं, म्हणून त्याला कुणी मेडिकल विचारत नाही.

मध्यंतरात (प्रोजेक्टर तापला होता) मी मोठी चूक केली. शहाणपणा. काकांना सांगितलं की मुळात ही चिनी कविता आहे, दीडेक हजार वर्षांपूर्वीच्या उत्तर वेई राजवटीच्या काळातली मानतात, बाराव्या शतकातल्या एका संग्रहातून आपल्यापर्यंत आली. म्हणजे जी गोष्ट जन्मली तीच गाणं म्हणून, त्यातून यांनी गाणी काढली! तिच्यात ड्रॅगन नाही, चेटकीण नाही, ची नाही, प्रेमप्रकरण नाही. लढाईला बोलावणारा राजाच खान आहे; नव्या सिनेमात खान म्हणजे शत्रू. तिला धाकटा भाऊ आहे, ती परत येते तेव्हा तो डुक्कर-मेंढी कापायला सुरी परजतो. कार्टूनवाल्यांनी तिला एकुलती एक केली आणि ‘लिटल ब्रदर’ हे नाव कुत्र्याला दिलं.

आणि मुख्य म्हणजे कवितेत ती पकडलीच जात नाही. लढून येते, राजा मोठं पद देऊ करतो, ती म्हणते नको, घरी जायला वाहन द्या. घरी येऊन जुने कपडे घालते, खिडकीशी बसून केस नीट करते, बाहेर येते, आणि सोबतचे शिपाई तोंडात बोट घालतात: बारा वर्षं बरोबर होतो, ही बाई आहे हे कळलंच नाही! ना रडारड, ना शिक्षा, ना ‘आम्हाला फसवलंस’. दोन्ही सिनेमांना एवढा साधा विनोद झेपला नाही. दोघांनीही तिला उघडी पाडून आधी अपमान केला, मग माफ केलं. आमच्या ग्रुपसारखंच, फक्त ग्रुपवर दुसरा भाग अजून व्हायचाय.

“बारा वर्षं?” काकांचा चहा थांबला. “एक अख्खं तप! आणि एकही इन्स्पेक्शन नाही?”

“नाही.”

“आणि घोडा सरकारी का?”

“नाही काका, पदरचा. पूर्वेच्या बाजारातून घोडा, पश्चिमेच्या बाजारातून खोगीर, दक्षिणेला लगाम, उत्तरेला चाबूक. तसं कवितेतच आहे.”

काका बराच वेळ गप्प होते. उरलेला सिनेमाही त्यांनी गप्प बसून पाहिला.

आज संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटले. मेसेजचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मी फक्त वेफर्सच्या बिलाचं विचारलं. दुकानदाराने कच्ची चिठ्ठी दिली होती, ती त्यांनी त्याच रात्री परत केली होती.

“मॅडम,” काका म्हणाले, “त्या मुलीला घोड्याचे पैसे मिळाले का?”

“कवितेत तसं काही नाही.”

“चार बाजार फिरली, बारा वर्षं लढली, एक अर्ज केला नाही.” लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली. “आणि तुम्ही ६४० रुपयांचं घेऊन बसलात.”