विमानतळावर युनियन नको म्हणे!

आज सकाळी आपल्या सोलापुरात सिद्धेश्वर तलावाकाठी फिरताना आमच्या ग्रुपमधले एक काका बोलून गेले. कापडाचे व्यापारी, माणूस भला, अडीनडीला धावून येणारा. म्हणाले, "विमानं सुरू झाली, गावाला बरे दिवस आले. आता फक्त त्या लाल बावटेवाल्यांना होटगी रोडच्या विमानतळाकडं फिरकू देऊ नका. नाहीतर गिरण्यांचं झालं तेच विमानांचं होणार." दोघातिघांनी माना डोलावल्या. मला इतका राग आला की तिथं धड बोलताच आलं नाही. म्हणून इथं लिहिते. लांबेल, पण वाचा.

माझी पुतणी एका मोठ्या शहरातल्या विमानतळावर चेक-इन काउंटरला आहे. कंपनीचं नाव घेत नाही, तिची नोकरी तिथं आहे. गळ्यात स्कार्फ, अंबाडा, छातीवर नावाची पट्टी, असा तिचा फोटो आमच्या वहिनीनं देवघराशेजारी लावलाय. अंगावर कपडे विमान कंपनीचे, पगार मात्र कंत्राटदार देतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री विमानं रद्द झाली. एका माणसानं पासपोर्ट तिच्या तोंडावर फेकून मारला. पासपोर्टचा कोपरा भुवईच्या वर लागला, रक्त आलं. सुपरवायझर म्हणाला, रुमाल लाव आणि उभी राहा, लाइन मोठी आहे. सकाळी शिफ्ट संपली तर बदलीला कुणी आलं नाही, म्हणून दुपारपर्यंत तशीच उभी. दुसऱ्या दिवशी ताप भरला, गेली नाही. त्या एका खाड्याचे दोन दिवसांचे पैसे कापले.

मला फोन केला आणि विचारलं, "आत्या, हे मी सांगायचं कुणाला?"

विमान कंपनीकडं गेली तर ते म्हणतात कंत्राटदाराकडं जा. कंत्राटदार म्हणतो, पटत नसेल तर सोड, बाहेर रांग आहे. एकट्या पोरीला दोन दारं, दोन्ही बंद. युनियन कशासाठी लागते, याचं यापेक्षा सोपं उत्तर माझ्याकडं नाही.

आता गिरण्यांचं. माझे वडील गिरणीत होते, तुमच्यातल्या निम्म्यांचे होते. युनियनमुळं गिरण्या बुडाल्या हे वाक्य आपल्या गावात इतक्यांदा बोललं गेलंय की लोकांना ते खरंच वाटायला लागलंय. १९८२ चा दत्ता सामंतांचा संप मुंबईच्या गिरण्यांचा, आणि त्याचं खापर आमच्या सोलापुरी माणसाच्या डोक्यावर! इथल्या मालकांनी नवी यंत्रं घातली नाहीत, यंत्रमागासमोर टिकाव लागला नाही, ते कुणी बोलत नाही. काही पुढाऱ्यांनी खाल्लं, हेही खरं. पण पुढारी खातो म्हणून युनियन नको म्हणायचं, तर मग मालकही खातात, कारखाने नकोत म्हणा की!

बरं, विमानांचं बघू. जेट एअरवेजनं ऑक्टोबर २००८ मध्ये शेकडो पोरापोरींना एका दिवसात घरी बसवलं होतं. ती युनिफॉर्मवरच रस्त्यावर आली, आरडाओरडा झाला, आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीनं सगळ्यांना परत घेतलं. चार जण एकत्र ओरडले की काय होतं ते दिसलं ना? तीच कंपनी १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली तेव्हा पगार थकलेले होते. पीएफ आणि ग्रॅच्युइटीसाठी कोर्टात कोण भांडलं? कामगारांच्या संघटनाच. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत त्यांच्या बाजूनं लागलं. पुढं नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढायचाच, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळायचाच, आदेश झाला. म्हणजे युनियन असली की पैसे हातात पडतातच असं नाही, कबूल. पण ती नसती तर कोर्टाची पायरी तरी कोण चढलं असतं? सामान चढवणारा एकटा लोडर?

आणि काका, ही गोष्ट फक्त त्यांच्या पगाराची नाही, तुमच्या जिवाची आहे. पायलटांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या म्हणून विश्रांतीचे नवे नियम लागू करावे लागले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली, एका दिवसात हजाराच्या वर. नियम कधी लागू होणार हे आधीपासून ठाऊक होतं, तरी माणसं पुरली नाहीत. मग सरकारनं काय केलं? त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत नियमातून सूट दिली! पायलटांच्या संघटनांनी विरोध केला. रात्री तीनला तुमचं विमान खाली उतरवणारा माणूस झोपलेला असावा की नसावा, यावर भांडणारी माणसं तुम्हाला गावात नकोत?

माझ्या पुतणीला शिफ्टच्या अर्धा तास आधी ब्रीफिंगला उभं राहावं लागतं. त्या अर्ध्या तासाचा पैसा नाही. केस, नखं, लिपस्टिकचा रंग, सगळं तपासतात, आणि फुकट. मला वाटायचं हे आपल्याकडंच. तर ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजार केबिन क्रूनी याच कारणासाठी संप केला. विमान जमिनीवर असताना केलेल्या बऱ्याच कामाचा त्यांना मोबदला नव्हता. प्रवाशांना चढवायचं, बॅगा लावायला मदत करायची, सगळं बिनपैशाचं. सरकारनं कामावर जा म्हणून आदेश काढला, युनियननं मानला नाही. तीनचार दिवसांत तडजोड झाली आणि जमिनीवरच्या कामाला पैसे द्यायचं कंपनीला मान्य करावं लागलं. श्रीमंत देशातल्या शिकलेल्या बायकांनासुद्धा संप केल्याशिवाय मिळालं नाही. आमच्या पोरीला कंत्राटदार आपणहून देईल होय?

संपानं प्रवाशांचे हाल होतात, हो, होतात. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या क्रूनी एकदम आजारपणाच्या रजा टाकल्या. केरळहून मस्कतला आजारी नवऱ्याकडं निघालेली एक बाई अडकली आणि तिकडं तो गेला. ती बातमी वाचून मला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. यावर माझ्याकडं उत्तर नाही आणि मी देणारही नाही. एवढंच सांगते, त्या क्रूची तक्रार आधीपासून चालू होती. कंपनीनं सुरुवातीला पंचवीसएक जणांना काढून टाकलं, मग दिल्लीत केंद्रीय कामगार आयुक्तांसमोर बसल्यावर दोनच दिवसांत परत घेतलं. हे बसणं आठवडाभर आधी झालं असतं तर?

आपल्या गावाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायका बघा. कारखान्यात माल द्यायला गेलं की तपासणारा मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला टाकायचा, आणि त्याचा पैसा बाईला नाही. उलट बोलायची सोय नव्हती. त्याच बायका लाल बावट्याचे पुढारी आडम मास्तर यांच्याबरोबर वर्षानुवर्षं मोर्चात चालल्या, आणि कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरं उभी राहिली. पुढं रे नगर झालं, जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या द्यायला पंतप्रधान आले. मास्तरांचं राजकारण पटो न पटो, त्या बायका आज स्वतःच्या उंबऱ्यावर बसून विड्या वळतात. लाल बावट्याला नावं ठेवताना निदान सोलापूरकरानं तरी जरा थांबावं.

विमानतळ मलाही हवा होता. विमानांच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पडली, जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, मग मुंबईचं, तेव्हा मीही आनंदानं पेढे वाटले. पण तिथं काउंटरला, सामान चढवायला, झाडायला कोण लागणार? नई जिंदगी, विडी घरकुल असल्या वस्त्यांतली आपलीच पोरं. तीही कंत्राटावर. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झालेत. निम्म्या लोकांनी मिळून एका दिवशी रजा टाकली तरी तो संप धरणार, आणि संपाला चौदा दिवसांची नोटीस. म्हणजे पुढचं भांडण अजून अवघड.

राग थोडा उतरला आता. काका, तुमच्यावर नाही राग. तुमच्या सूनबाई पण नोकरी करतात, त्यांना विचारा कधी.

पुतणीच्या शिफ्टमधल्या पोरींनी मिळून एक अर्ज लिहिलाय. बसायला उंच स्टूल, ब्रीफिंगचा पगार, आणि प्रवाशानं हात उगारला तर कंपनीनं स्वतः तक्रार करायची, एवढंच मागितलंय. नावं खाली गोलाकार लिहिलीत, म्हणजे पहिली सही कुणाची ते कळू नये. अजून दिलेला नाही, घाबरतायत. युनियन नोंदवायला सात जणांचा अर्ज लागतो, आणि एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी तेवढे सभासद, एवढं मला कळलंय. पण कंत्राटदाराकडच्यांनी मालक कुणाला धरायचं, आणि अर्ज आधी द्यायचा की नोंदणी आधी करायची? कामगार कोर्टात काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर कमेंटमध्ये नाव टाकू नका, मला इनबॉक्समध्ये नंबर द्या. पुढच्या महिन्यात त्यांची कंत्राटं नव्यानं व्हायची आहेत, त्याच्या आत हवंय.