भाव करावा कोथिंबिरीचा

घासाघीस आपल्या रक्तात आहे, पण ती नेमकी कुठे करायची हे कुणी शिकवत नाही. नियम सोपा आहे. समोर एसी चालू असेल तर मान डोलवायची, समोरचा माणूस उन्हात बसला असेल तर आवाज चढवायचा. पुढचं सगळं सरावाने जमतं.

सुरुवात पगारापासून करू. एचआरचा फोन आला की सध्याचा पगार आणि अपेक्षा हे दोन्ही आकडे पहिल्या मिनिटात सांगून मोकळे व्हा. 'या पदासाठी तुमचं बजेट किती आहे?' असं उलट विचारणं हा उद्धटपणा. पलीकडून 'आमच्या बँडमध्ये एवढंच बसतं' असं ऐकू येईल. बँड म्हणजे त्या पदाच्या पगाराचा ठरलेला पट्टा; त्याला वरचंही एक टोक असतं आणि तुम्हाला फक्त खालचं दाखवलंय, हा विचार मनात आला तर पाणी प्या. मग 'चालेल, चालेल' म्हणा. दोनदाच म्हणा, तिसऱ्यांदा म्हटलं की फारच गरज असल्यासारखं वाटतं.

बारा लाखांचं पॅकेज लागलं की आधी पेढे वाटा, फोड नंतर बघा. फोड साधारण अशी निघते. 1,20,000 व्हेरिएबल, म्हणजे कंपनीचं बरं चाललं आणि साहेबांचा मूड बरा असला तर मिळणारे. बेसिक निम्मं, म्हणजे महिना 50,000. त्यावर कंपनीच्या वाट्याचा 12 टक्के पीएफ, वर्षाचे 72,000, तेही तुमच्याच बारा लाखांतून. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे 28,860. ती नेहमीच्या कायम नोकरीत पाच वर्षं टिकलात तर हातात पडणार, पण पॅकेजमध्ये पहिल्या दिवसापासून मोजलेली. उरले महिन्याला 81,595. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 6,000 आणि व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300) गेला की 75,395. आयकर शून्य धरूनही खात्यात एवढेच. तुम्ही मात्र बाराला बाराने भागून महिना एक लाख धरलेला असतो आणि गाडीचा हप्ता त्याच हिशोबाने घेतलेला असतो. व्हेरिएबलमधले थोडे फिक्स्डमध्ये टाका, असं ऑफर लेटर येण्याआधी म्हणता येतं. पण म्हणू नका, वाईट दिसतं.

जॉइनिंग बोनसची अटही वाचू नका. वर्षाच्या आत सोडलंत तर तो परत. हातात येताना बहुधा कर कापून येतो, परत मागताना मात्र कर कापायच्या आधीचा आकडा मागतात. जुन्या कंपनीत नोटीस 90 दिवसांची आणि नवीन कंपनी म्हणते 30 दिवसांत या, तर मधल्या 60 दिवसांचे पैसे जुन्या कंपनीला कोण भरणार हे विचारायचं राहूनच जाऊ द्या.

आता एक हिशोब, केवळ करमणुकीसाठी. लाजेपोटी सुरुवातीलाच वर्षाला 50,000 कमी घेतले आणि दरवर्षी 8 टक्के वाढ मिळत गेली, तर पाच वर्षांत 2,93,000 च्या वर गेले. घाबरायचं कारण नाही. मंडईत रोज एका कोथिंबिरीच्या जुडीमागे दहा रुपये पाडा. सुट्टी न घेता पाडलेत तर साधारण 80 वर्षांत सगळे वसूल. पद्धत अशी: जुडी उचलायची, देठं बघून नाक मुरडायचं, 'काल तर दहाला होती' म्हणायचं आणि चार पावलं पुढे जायचं. मागून हाक आलीच नाही तर परत येऊन त्याच भावात घ्यायची आणि वर चार मिरच्या उचलायच्या.

प्लंबरकडे वेगळी हत्यारं लागतात. तो आला की मोबाइलवर वेळ लावा. दहा मिनिटांत वायसर बदलून तो 300 मागेल, तेव्हा 'दहा मिनिटांचे तीनशे?' हे वाक्य तयार ठेवा. त्या दहा मिनिटांआधी तुमचा अँगल कॉक (नळाचं पाणी बंद करायची चावी) जाम निघाला म्हणून तो गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून आला, ते धरायचं नाही. आणखी वाचवायचं असेल तर नळ स्वतःच ऑनलाइन मागवा. अर्ध्या इंचाच्या जागी पाऊण इंची येईल, प्लंबर टेफ्लॉन टेप खिशात ठेवून निघून जाईल आणि दुसऱ्या फेरीचे वेगळे घेईल. त्यावरही भाव करता येतो, हा फायदाच.

खरी मजा रंगकामात. समजा घराचं कार्पेट क्षेत्रफळ 650 चौरस फूट. भिंती आणि छत मिळून ठोकताळ्याने साडेतीन पट धरा, म्हणजे 2,275. ठेकेदाराने मालासकट 22 रुपये फूट सांगितले तर 50,050. तुम्ही 18 वर आणा, 9,100 वाचले. तोही हुशार असतो, लगेच 'ठीक आहे साहेब' म्हणतो. मग लांबीचे (पुट्टीचे) दोन हात होते तिथे एक, घासकाम कपाटामागे नाहीच, प्रायमर पातळ आणि रंगात डब्यावर लिहिलंय त्याच्या दुप्पट पाणी. पहिल्या दिवशी भिंत झकास दिसते. पावसाळ्यात बाहेरच्या बाजूने ओल आली की पोपडे धरतात. ओल आधी काढायला हवी होती, पण ते काम 'नंतर बघू' म्हणून तुम्हीच वगळलेलं. कोणत्या कंपनीचा कोणता रंग, किती हात, किती डबे, हे कागदावर लिहून घेणं आणि रिकामे डबे मोजणं म्हणजे अविश्वास. आपण फक्त भाव करायचा.

तिथून थेट हॉटेलात जा. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला सांगितलंय आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलंय. तरी तो काढायला सांगू नका. शेजारच्या टेबलावरचे लोक बघतात. बाहेर येऊन रिक्षावाल्याकडून सुटे दोन रुपये मात्र मागून घ्या.

राहिल्या कामाच्या मावशी. कपडे, भांडी, केर-फरशी यांचे दर वेगवेगळे ठरवा, म्हणजे पाहुणे आले की 'भांड्यांतच धरा की' म्हणता येतं. खाडे कॅलेंडरवर लाल पेनने लिहा, महिन्याच्या पगाराला तीसने भागा आणि तेवढे कापा. तुमचे शनिवार-रविवार पगारी असतात, हा विषय घरात काढायचा नाही. पगारवाढ मागितली तर म्हणा, 'मावशी, तुम्ही काय परक्या आहात का? घरच्याच आहात.' हे वाक्य ओळखीचं वाटेल. मार्चअखेरीस सात टक्क्यांचं पत्र देताना 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' असं तुम्हालाही कुणी तरी म्हणालेलं असतं.

दिवाळीला एक पगार बोनस द्यायची रीत आहे, पण बजेट बसत नसेल तर ऑफिसातून बोनसऐवजी मिळालेला सुकामेव्याचा डबा मावशींना देऊन टाका. वरची कंपनीची चिठ्ठी तेवढी आधी काढा. आणि आतले काजू.